भरलेली गाडी, रिकामी गाडी

आमच्या मामेसासऱ्यांच्या हाती एक दिवस जगाचा कारभार दिला, तर जन्माला येणाऱ्या प्रत्येक माणसाचं ते येताना एकदा वजन करतील, जाताना एकदा करतील, आणि मधला फरक कुठं उतरवला ते सांगितल्याशिवाय त्याला पुढं सोडणार नाहीत. हे मी आता कौतुकानं म्हणते. चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी दात-ओठ खाऊन म्हणत होते, कारण तेव्हा माझी पार्सलं पुष्कळ येत आणि त्यांतल्या प्रत्येकाचा तोल सगळ्या बिल्डिंगला माझ्याआधी कळत असे. पण आज मामांविरुद्ध कुणी ब्र जरी काढला, तरी मी पदर खोचून भांडायला उभी राहीन. माणसाचं मत बदलायला एखादी संध्याकाळ पुरते, आणि त्या संध्याकाळची हकीकत मला सांगायची आहेच. पण आधी मामा कळायला हवेत.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी जन्मभर उसाच्या काट्यावर नोकरी केली. उसानं भरलेली गाडी काट्यावर आली की तिचं वजन करायचं, ऊस उतरवून ती परत निघाली की रिकाम्या गाडीचं वजन करायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो ऊस. ह्या एका वजाबाकीवर मामांची सगळी हयात गेली. मामी गेल्या, मुलगी सासरी रमली, तेव्हा भाच्यानं हट्टानं त्यांना सोलापूरला आणलं. सात रस्त्याजवळ आमची चार मजली बिल्डिंग आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि मामा तळमजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये, असं ठरलं. त्यांच्या सामानाचा टेम्पो सकाळी दहाला यायचा तो दुपारी दोनला आला. चौकशी केल्यावर कळलं, की वाटेत एका वजनकाट्यावर तो भरलेला तोलून घेतला होता. सामान उतरवून झाल्यावर मामा त्याच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून पुन्हा तिकडं गेले, रिकामा तोलला, आणि चार वाजता परत येऊन म्हणाले, "बराबर हाय. आता च्या टाका."

तोपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये पार्सल येणं म्हणजे लहान मूल जत्रेत हरवण्यापैकी होतं. वॉचमनची खुर्ची होती, वॉचमन नव्हता. कॅमेरा होता, पण त्यात कबुतरानं घरटं केलं होतं. आम्ही सगळे दिवसभर नोकरीवर. त्यामुळं डिलिव्हरीवाले बिचारे जिथं जागा दिसेल तिथं माल ठेवून फोटो काढून जात. कुणाचं पार्सल चपलांच्या रॅकमध्ये, कुणाचं विजेच्या मीटरच्या कपाटात, कुणाचं समोरच्या मेडिकलमध्ये. माझ्या नणंदेच्या लग्नासाठी मागवलेला ब्लाउज आग विझवायच्या पाइपाच्या पेटीत आठव्या दिवशी सापडला. लग्न चौथ्या दिवशी होतं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर तीन दिवस जिन्यात पडून होता आणि येणारा-जाणारा त्याच्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. मामांनी हे सगळं पंधरा दिवस आपल्या खिडकीतून पाहिलं. मग एका सकाळी मला थांबवून म्हणाले, "सूनबाई, ह्ये काय खरं न्हाय. माल आला कुटं, उतरला कुटं, कुनाला कायबी पत्त्या न्हाय. आमच्याकडं अशी एक गाडी सुटली असती तर चौकशी बसली असती."

त्याच आठवड्यात मामांनी फाटकाकडच्या खिडकीचं ग्रिल एका बाजूनं कापून घेतलं, तिथं फळी ठोकली, आणि शुक्रवार पेठेतल्या एका दुकानातून ग्रॅमपर्यंत तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणून त्या फळीवर बसवला. आत भिंतीला लाकडी खणांची मांडणी केली. बारा फ्लॅटना अकरा खण. बारावा त्यांचा स्वतःचा फ्लॅट, त्याला खण ठेवला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "मला कोन काय पाटवतंय?" रोज सकाळी अंघोळ झाली की देवाच्या आधी काट्याला उदबत्ती. मग सरकारी शिक्क्याचं एक किलोचं वजन त्याच्यावर ठेवायचं. आकडा बरोबर हजार आला तर कामकाज सुरू. नऊशे नव्याण्णव आला तर काटा बंद, आणि बंद म्हणजे बंद. एकदा असा एक ग्रॅम कमी आला, तेव्हा मामांनी दुपारपर्यंत एकही पार्सल घेतलं नाही. शेवटी काट्याखाली मुंगळा सापडला.

डिलिव्हरीवाल्यांना हे प्रकरण पचायला वेळ लागला. मामांनी त्यांच्यासाठी पत्र्याचे नंबरचे बिल्ले केले होते. कारखान्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा नंबराप्रमाणे गाडी काट्यावर घेतात. तीच शिस्त इथं. रांगेत एकटाच माणूस असला तरी त्यानं बिल्ला घ्यायचा, दोन पावलं मागं उभं राहायचं, आणि मामांनी "एक नंबऽऽर!" अशी आरोळी दिली की मगच पुढं यायचं. ही पद्धत निमूटपणे पाळणारा पहिला माणूस म्हणजे श्रीनिवास. चाळिशीचा, शांत, यंत्रमागावर आयुष्याची वीस वर्षं काढलेला. तो मागाचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं पाठीवर पार्सलची पिशवी घेतली. दिवसातून दोनदा तो आमच्याकडं यायचा, सकाळी आणि संध्याकाळी. मामा पार्सल काट्यावर ठेवायचे, सहाही बाजू बोटानं चाचपायचे, आणि निळ्या खडूनं खोक्यावर 'भ.' लिहून पुढं आकडा टाकायचे. 'भ.' म्हणजे भरलेली. मग मालकाला फोन. ओटीपीला ते गेटपास म्हणतात. मी शाळेत सातवीच्या वर्गावर असताना फोन यायचा, "सूनबाई, गेटपास सांगा." मी हळू आवाजात चार आकडे सांगायचे, आणि पुढच्या बाकावरच्या मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या. एकदा तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी बिर्याणी आली, तिलाही बिल्ला मिळाला. तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "मामा, थंड होईल हो!" मामांनी क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला, "व्हय. दुधाचा टँकर कुनी आडवत न्हाय. जाऊ द्या." तेव्हापासून गरम अन्नाला आमच्याकडं काटा माफ आहे.

दसरा-दिवाळीच्या सेलला मामा 'गळीत हंगाम' म्हणतात. कारखान्यात पहिली उसाची मोळी पूजा करून टाकतात, तशी आमच्याकडं सेलच्या पहिल्या दिवशी काट्यापुढं नारळ फुटतो आणि पहिलं पार्सल बिल्डिंगमधल्या ज्येष्ठ माणसाच्या हस्ते काट्यावर ठेवलं जातं. गेल्या वर्षी ते पार्सल माझं होतं. एक लिपस्टिक, हाताएवढ्या खोक्यात, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सगळ्या बिल्डिंगदेखत मामांनी खोका हलवून पाहिला आणि दुःखानं मान हलवली. "ईस ग्रॅमचा ऊस आन् तीनशे ग्रॅम पाचट! आमी आसली गाडी आत घेतली नसती." ऊसतोडणीत पालापाचोळा गाडीत येतो, ते पाचट. माझी अर्धी खरेदी पाचट असते हे माझ्या नवऱ्यालाही त्याच दिवशी कळलं आणि त्यानं ते लक्षात ठेवलं आहे.

पण सगळ्यांच्या डोक्यात जाणारा नियम वेगळाच होता. पार्सल घरी नेऊन उघडलं, की रिकामा खोका, आतल्या कागदासकट, प्लास्टिकसकट, परत मामांच्या खिडकीत आणायचा. ती 'रिकामी गाडी'. ते तिचं वजन करणार, 'भ.'च्या खाली 'रि.' लिहिणार, वजाबाकी करणार आणि "बराबर" म्हणणार. मग तो खोका टाका नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा. आता तुम्हीच सांगा, शाळेतून दमून आल्यावर कुणी हे करेल? मी नवऱ्याला पाठवायचे. तो म्हणायचा, तुझ्या लिपस्टिकची गाडी तू ने. तरी लोक करत होते, कारण चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एक किलो बदाम मागवले होते आणि मामांच्या वजाबाकीत ते आठशे सत्तर ग्रॅम निघाले. मामांनी स्वतः बसून बाईंकडून तक्रार लिहून घेतली, खोक्याचे दोन्ही आकड्यांसकट फोटो पाठवायला लावले, आणि नवा डबा आला. तो भरून आला होता. त्या दिवसापासून बायकांचा मामांवर विश्वास बसला. पुरुषांचा बसायला वेळ लागला. आणि एका माणसाचा मुळीच बसला नाही.

ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सर. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. माणूस सरळ, अभ्यासू, आवाज मात्र नेहमी वर्गात असल्यासारखा. घरी ते आणि त्यांच्या आई, दोघंच. आई मूळच्या अक्कलकोटकडच्या, पंच्याहत्तरीच्या, आणि कानानं जवळजवळ ठार बहिऱ्या. सरांनी चार वर्षांत एकदाही रिकामी गाडी आणून दिली नाही. "मामा, मी विद्यार्थ्यांना वजन शिकवतो," ते म्हणायचे, "मला वजन शिकवू नका." मामा नुसते हसायचे. पण अकरा खणांत तिसऱ्या मजल्याच्या त्या एका खणाकडं बघताना त्यांचा जीव खालीवर होत असे, हे मला कळायचं. जन्मभर वजाबाकी केलेल्या माणसाचं एक गणित रोज अर्धं राहत होतं.

आणि मग गेल्या हंगामातला तो दिवस आला. सकाळी श्रीनिवासनं सरांचं एक छोटं पार्सल आणलं. सरांनी कॉलेजातून फोनवर ओटीपी सांगितला, आणि पाठोपाठ बजावलं, "मामा, जपून बरं का. आईसाठी कानाचं मशीन आहे. फार दिवस बघून, डॉक्टरांना विचारून मागवलंय." मामांनी ते देवाचा टाक ठेवावा तसं काट्यावर ठेवलं. सहा बाजू चाचपल्या. 'भ. ३८५' लिहिलं. आणि खणात न ठेवता स्वतः तीन मजले चढून सरांच्या आईंच्या हातात दिलं.

संध्याकाळी साडेसहाला मी शाळेतून आले तेव्हा फाटकापाशी गर्दी होती. सरांचा आवाज सात रस्त्यापर्यंत जात असावा. घरी येऊन त्यांनी खोका वरून उघडला, तर आत कागद, प्लास्टिक, माहितीचं पुस्तक आणि मधोमध रिकामी खाच. मशीन नाही. खोका उलटा केला, तर तळाला सरळ रेषेत कापलेलं. त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला होता. श्रीनिवास नेमका संध्याकाळच्या फेरीला आला आणि तावडीत सापडला. हातातला बिल्ला तसाच धरून तो उभा होता. "मी सकाळी उचललो, हितं आणून दिलो. मधी कुटं बी उघडलो नाही हो सर." सर म्हणाले, "ते कंपनीला सांगा. उद्या सकाळपर्यंत वस्तू मिळाली नाही, तर तुमचा आयडी बंद करणार आहेत." आयडी बंद म्हणजे काम बंद, आणि चोर म्हणून एकीकडं बंद झालेला माणूस दुसरीकडंही कुणी घेत नाही. माग बंद पडला त्या दिवशीही श्रीनिवास असाच उभा राहिला असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात सर खिडकीकडं वळून म्हणाले, "आणि मामा, वर पोचेपर्यंत ते तुमच्याकडंही होतं."

मामांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. उसाच्या काट्यावरच्या माणसावर सगळा मुलूख संशय घेतो, हे मामांनी मला एकदा सांगितलं होतं. रात्रंदिवस ऊस तोडून आणलेला माणूस आकडा ऐकतो आणि त्याला वाटतं, ह्यानं काटा मारला. मामा लग्नाकार्यात गेले तरी मागच्या पंगतीत कुजबुज व्हायची. मामींना विहिरीवर बायका विचारायच्या, "तुमच्या घरी साखर कितीची?" त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ते ऐकून घेतलं आणि एक दाणाही इकडचा तिकडं केला नाही. मला वाटलं, आता मामा खिडकी लावून घेणार. पण ते बाहेर आले. धोतराचा सोगा वर खोचला, श्रीनिवासच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, रिकामी गाडी आना."

"मामा, हा काय ऊस आहे का?" सर कडाडले.

"आना म्हंतो न्हवं. कागद, पलास्टिक, पुस्तक, समदं. पाचटाचं एक पान हिकडं-तिकडं नगं."

पुरावा म्हणून सरांनी सगळं जसंच्या तसं खोक्यात भरून ठेवलंच होतं. त्यांनी चिडून तो खोका आणला आणि फळीवर आदळला. मामांनी आधी शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवलं. हजार. ते काढलं, खोका ठेवला आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. "तुमीच वाचा. म्या वाचलं तर काटा मारला म्हनाल."

सरांनी चष्मा सावरला. "तीनशे चाळीस."

"खोक्यावर काय लिवलंय?"

"तीनशे पंच्याऐंशी."

"मंग सांगा आता. गाडी रिकामी आली आसती, तर सकाळी जेवडी भरली तेवडीच आत्ता भरली आसती का न्हाय? पंचेचाळीस ग्रॅम माल माज्या काट्यावरनं वर गेला, सर. श्रीनिवासनं आनला, म्या तोलला, सहा बाजू धड बगून तुमच्या आईच्या हातात दिला, आन् तो तुमच्या घरात उतरलाय. आता कुटं उतरलाय, ते हुडकू या की."

सर वीसेक वर्षं द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवत होते. त्यांनी खोक्याकडं पाहिलं, काट्याकडं पाहिलं. नाही म्हणायला त्यांच्याकडं एकच मार्ग होता, तो म्हणजे आजवर शिकवलेलं सगळं खोटं म्हणणं, आणि तेवढे ते प्रामाणिक होते. "चला," म्हणाले. मामा पुढं, मागं सर, त्यांच्या मागं श्रीनिवास, आणि मग आम्ही सगळे, अशी वरात तिसऱ्या मजल्यावर गेली.

सरांच्या आई गॅलरीजवळ बसून शेंगा फोडत होत्या. आम्हाला बघून त्या प्रसन्न हसल्या. सर ओरडून विचारू लागले तशी मामांनी त्यांना हातानं थांबवलं. खिशातला निळा खडू काढला, खाली बसले आणि शहाबादी फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पंचेचाळीस ग्रॅम कुटं हाय?' आईंनी वाचलं, आणि शेंगांकडं मान वळवली. फोडलेलीच शेंग त्या पुन्हा फोडायला लागल्या. मग मामांनी त्याच्याखाली लिहिलं, 'श्रीनिवासवर चोरीचा आळ आलाय. उद्या काम जानार.'

आईंनी ते वाचलं, आणि दारात उभ्या असलेल्या श्रीनिवासकडं पाहिलं. "ए यप्पाऽ!" म्हणत त्या उठल्या ते थेट स्वयंपाकघरात. कडक भाकरीचा डबा खाली काढला. वरच्या पाच-सहा भाकऱ्या बाजूला केल्या आणि तळातून रुमालात बांधलेली मशीनची डबी काढून मामांच्या हातावर ठेवली. "मी वरनं बघायलते की! मला काय ठाऊक तुमी भांडायलाव म्हणून? मला वाटलं गप्पा मारायलाव."

आम्ही हसायच्या आत सर मटकन खुर्चीत बसले. आई त्यांच्याकडं न बघता मामांनाच सांगत होत्या. खोका त्यांनीच विळीवर खालून चिरला होता. "वरनं फोडले असते तर ह्याला कळलं असतं की. आन् मला नको ते मशीन. ऐकू येत न्हाई म्हणूनच निभावलंय माझं. सासूचं ऐकले, नवऱ्याचं ऐकले, आता कान मिटलेत तर लई बरं चाललंय." सर हळूच म्हणाले, इतक्या हळू की त्यांचा तो आवाज आम्हीही पहिल्यांदाच ऐकला, "आई, ओरडून सगळं नाही गं बोलता येत." आईंना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मामांनी एकदा सरांकडं पाहिलं, पुन्हा खाली बसले आणि फरशीवर लिहिलं, 'त्याला तुमच्यासंगट हळू बोलायचं हाय.' आई बराच वेळ ती ओळ वाचत उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबीसाठी हात पुढं केला.

पण मामांनी दिली नाही! "थांबा, आजून काटा व्हायचाय," म्हणाले. पुन्हा सगळी वरात खाली. डबी काट्यावर ठेवली. सरांनी आकडा वाचला, आणि ह्या वेळी त्यांचा वर्गातला आवाज परत आला होता. "पंचेचाळीस!" असा जल्लोष झाला की समोरच्या मेडिकलमधले लोक रस्ता ओलांडून आले. सरांनी तिथंच, सगळ्यांदेखत, फोनचा स्पीकर लावून कंपनीला सांगितलं, की तक्रार मागं घ्या, चूक माझ्या घरची आहे, डिलिव्हरी करणारा माणूस शंभर टक्के चोख आहे. ते वाक्य त्यांनी फोनवरच्या बाईंकडून दोनदा परत म्हणवून घेतलं. मग श्रीनिवासचे हात हातात घेऊन त्यांनी माफी मागितली. श्रीनिवास "असू द्या सर, असू द्या" म्हणत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मामांनी कुणाकडंच पाहिलं नाही. त्यांनी खडू घेतला, सरांच्या खोक्यावर सावकाश 'रि. ३४०' लिहिलं, खाली रेघ मारली, 'माल ४५' लिहिलं, आणि चार वर्षं अडकलेला श्वास सोडावा तसं म्हणाले, "बराबर." चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पेढे आणले. वाटण्याआधी तेही तोलले गेले, आणि कुणीही कुरकुर केली नाही.

तेव्हापासून सरांची रिकामी गाडी सगळ्यांच्या आधी येते. बारावीच्या पोरांना ते म्हणे द्रव्य अक्षय्यतेचा नियम खोका आणि खडू घेऊन शिकवतात. आई मशीन लावून दुपारी मामांच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि बिल्ले वाटतात. बिल्डिंगमध्ये कोण काय बोलतं ह्याची माहितीही तिथंच मिळते. संध्याकाळी मायलेक गॅलरीत बसलेले दिसतात. काय बोलतात ते खाली ऐकू येत नाही.

हंगाम संपला त्या रविवारी श्रीनिवास आला. अंगात कंपनीचं जॅकेट नव्हतं, धुतलेला पांढरा शर्ट होता. रांगेत कुणी नसताना त्यानं बिल्ला घेतला, दोन पावलं मागं उभा राहिला, आणि नंबर पुकारल्यावर एक खोका फळीवर ठेवला. त्याच्यावर ना बारकोड ना पत्ता. नुसतं 'मामा, तळमजला' असं पेनानं लिहिलेलं. मामांनी सवयीनं काट्यावर ठेवला, सहा बाजू चाचपल्या, 'भ. १८६०' लिहिलं आणि विचारलं, "गेटपास?"

"ह्याला गेटपास नाही मामा. वडील दिलेत. घरातला माग विकायच्या आधी शेवटची विणले होते."

आत चादर होती. तांबडी, काठाला मोर. मामा नुसते त्या मोरांवरून हात फिरवत राहिले. आता थंडी असो नसो, ती चादर त्यांच्या खांद्यावर असते. आणि तो खोका खणांच्या मांडणीवर, सगळ्यांत वर ठेवलेला आहे. परवा माझा एक रिकामा खोका द्यायला मी गेले तेव्हा माझी नजर त्याच्यावर गेली. 'भ. १८६०' दिसत होतं, खाली काहीच नव्हतं. इतक्या वर्षांचा सूड घ्यायची संधी मी कशी सोडीन? म्हटलं, "काय मामा, दुनियेच्या रिकाम्या गाड्या तोलता, आणि तुमच्याच गाडीचं 'रि.' राहिलं की!"

मामांनी खोक्याकडं पाहिलं. चादरीचं टोक खांद्यावर सारखं केलं.

"गाडी आजून रिकामी झाली न्हाय, सूनबाई."